गोधडी शिवण्याआधी कापडाला खळ कशी द्यावी

तुकडे जोडून गोधडी करायला घेतली की हा प्रसंग कधी ना कधी येतोच. त्रिकोण काळजीने कापलेले असतात, टाचण्या लावलेल्या असतात, शिवणही सरळ आलेली असते. तरी चौकोन उघडून टेबलावर ठेवला की एक कोपरा बाहेर पळालेला, एक आत गेलेला आणि मधोमध फुगा. मग आपण मशीनला बोल लावतो, स्वतःच्या हाताला बोल लावतो. खरं तर कापड ताणलं गेलेलं असतं आणि ते शिवताना आपल्याला कळलेलंही नसतं.

माझ्या पहिल्या गोधडीत भिरभिऱ्याचे १६ चौकोन होते. प्रत्येक साडेसहा इंचाचा व्हायला हवा होता. सगळे शिवून झाल्यावर पट्टी लावली, तर सर्वांत लहान सव्वासहा आणि सर्वांत मोठा पावणेसात. एकमेकांना जोडायचे कसे? ओढूनताणून जोडले. ती गोधडी आजही सपाट पडत नाही. पुढच्या वेळी एकीने सांगितलं, ‘अगं, खळ दे की कापडाला.’ मी दिली, पण त्रिकोण कापून झाल्यावर. ओले झालेले त्रिकोण आटले, तेही सारखे नाही, वाकडेतिकडे. म्हणजे दुसरी गोधडी पहिलीपेक्षा वाईट झाली, तीही जास्त मेहनत घेऊन.

म्हणून या लेखात खळ कशी करायची यापेक्षा कधी द्यायची यावर माझा जास्त भर आहे. क्रम चुकला तर चांगली खळसुद्धा नुकसान करते. क्रम असा: धुणं, खळ, इस्त्री, कापणं, शिवणं आणि शेवटी पुन्हा धुणं.

खळ नेमकं काय करते

सुती कापडाचा एक चौकोन हातात घ्या. काठाला समांतर धरून ओढा, जवळजवळ ताणत नाही. हा ताणा, म्हणजे उभा धागा. आता आडवा ओढा, थोडासा ताणतो. हा बाणा. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपं ओढा. कापड रबरासारखं लांबतं आणि सोडल्यावर पूर्ण मूळ जागी येत नाही. ही उरेब दिशा. चौकोन तिरपा कापून त्रिकोण केला की त्याची लांब बाजू पूर्ण उरेब असते. उचलताना, टाचणी लावताना, मशीनखाली सरकवताना ती ताणली जाते, नुसत्या इस्त्रीच्या ओढीनेसुद्धा.

खळीतला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, दाणे फुटून चिकट होतो आणि कापडात मुरून वाळला की धाग्यांभोवती पातळ थर धरतो. उभे-आडवे धागे एकमेकांवरून घसरायचे थांबतात. कापड थोडंसं कागदासारखं वागायला लागतं, म्हणजे धार सरळ येते, टोक दुमडत नाही, उरेब बाजू ताणत नाही. बांधकामाला परांची लावतात तसंच हे. काम होईपर्यंत ठेवायची, झालं की उतरवायची.

काय काय लागेल

- कॉर्नफ्लोर, किंवा बाजारात मिळणारा द्रवरूप स्टार्च, किंवा स्प्रे स्टार्च
- बारीक फवारा पडणारी बाटली (मोठे थेंब टाकणारी नको)
- बारीक जाळीची गाळणी किंवा जुना मलमलचा तुकडा
- इस्त्री आणि इस्त्रीच्या टेबलावर घालायला जुनी चादर
- बुचकळून खळ द्यायची असेल तर पसरट टब
- मोजपट्टी, रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचं कटर), कटिंग मॅट (कात्रीनेही चालतं, फक्त वेळ लागतो)
- एक जाडसर टॉवेल
- अ‍ॅप्लिके (कापडाचे आकार कापून दुसऱ्या कापडावर शिवणं) करणार असाल तर छोटा रंगाचा ब्रश

चादर विसरू नका. खळ टेबलाच्या कापडात मुरते, दर इस्त्रीला थोडी करपते आणि एके दिवशी पांढऱ्या कापडावर तिचा पिवळा डाग उठतो.

१. आधी ठरवा: या कामाला खळ हवी का?

प्रत्येक कापडाला खळ द्यायलाच हवी असं नाही. मोठे चौकोन, सरळ पट्ट्या, घट्ट विणीचं कापड असेल तर साधी कडक इस्त्री पुरते. खळीचा खरा उपयोग त्रिकोण, चांदण्या, षटकोन, अगदी बारीक तुकडे, सैल विणीचं किंवा सुळसुळीत पातळ सुती कापड आणि उरेब पट्ट्या यांना होतो.

काही ठिकाणी खळ मुद्दाम टाळायची. मागे चिकटवायचं अस्तर, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग लावणार असाल तर खळीच्या थरावर ते नीट धरत नाही, नंतर सुटून येतं. जुने टी-शर्ट जोडून गोधडी करणार असाल तर त्या होजिअरी कापडाचा ताण खळीने थांबत नाही, तिथे फ्यूजिंगच हवं. रेशमावर पाण्याचे डाग उठू शकतात. पॉलिएस्टरवर खळ धरते कमी आणि दिसते जास्त. खळीची खरी दोस्ती सुती आणि लिननशी.

आणि संपूर्ण गोधडी हाताने टाचणार असाल तर कडक खळ देऊ नका. तीन थरांतून सुई काढताना बोटं भरून येतात. हलकी खळ चालते.

२. कापड धुवा, आटू द्या

ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. नवं कापड हाताला आधीच थोडं ताठ लागतं, मग धुऊन मऊ करून पुन्हा ताठ कशाला करायचं? कारण तो ताठपणा कारखान्यातल्या कांजीचा असतो, तो सगळीकडे सारखा नसतो, आणि त्याच्या आत न आटलेलं कापड लपलेलं असतं. सुती कापड पहिल्या पाण्यात साधारण २ ते ५ टक्के आटू शकतं. ४० इंचांच्या कापडात हे साधारण पाऊण ते २ इंच होतात. खळ म्हणजे पाणीच. त्यामुळे न धुतलेल्या कापडाला खळ दिली की ते खळीतच आटायला लागतं, वर गरम इस्त्री.

धुण्याआधी कापडाच्या कापलेल्या कडांचे कोपरे थोडे तिरपे छाटा किंवा कडेला झिगझॅग शिलाई मारा, नाहीतर दोरे निघून एकमेकांत गुंततात. शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर घालू नका. तो कापड मऊ आणि निसरडं करतो, आपल्याला नेमकं त्याच्या उलट हवंय.

रंगाची परीक्षा इथेच करून टाका. गडद लाल, गडद निळं, काळं कापड असेल तर त्याचा छोटा तुकडा आणि पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा एका वाटीत कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, मग दोन्ही एकमेकांवर ठेवूनच वाळवा. पांढरा पांढराच राहिला तर पुढे जा. गुलाबी झाला तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवा, आणि तरीही रंग सुटत असेल तर ते या गोधडीत घालू नका. सगळ्यात शेवटी गोधडी धुवायचीच आहे. तेव्हा रडण्यापेक्षा आता वाटीभर पाणी खर्च झालेलं परवडतं.

छापील चौकोनांची किंवा पट्ट्यांची तयार गड्डी वापरत असाल तर ती धुता येत नाही, कडा विसकटतात. त्यांना एकदम हलका फवारा द्या, वाळवा आणि मगच त्यांचं माप पुन्हा घ्या. पाकिटावरच्या मापावर विश्वास ठेवू नका.

३. खळ करा

पहिला घोळ नावातच आहे. कॉर्नफ्लोर म्हणजे पांढराशुभ्र, बोटांत कुरकुरणारा मक्याचा स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ वेगळं, ते घेतलं तर खळीऐवजी पिठलं होईल आणि कापडावर पिवळे कण राहतील. तांदळाची पेजसुद्धा चालते, पण ती बिनमिठाची आणि अगदी नीट गाळलेली हवी. तिचा दाटपणा रोज वेगळा निघतो, म्हणून नवख्याने कॉर्नफ्लोरने सुरुवात करावी असं माझं मत.

अर्धा लिटर पाण्याला प्रमाण असं. चमचा १५ मिलिलिटरचा, सपाट भरलेला:

- हलकी खळ: अर्धा चमचा
- मध्यम खळ: १ चमचा
- कडक खळ: २ चमचे

कॉर्नफ्लोर थेट गरम पाण्यात कधीच टाकायचा नाही. बाहेरचा थर लगेच शिजतो, आतलं पीठ कोरडं राहतं, आणि त्या गुठळ्या कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. आधी दोन-तीन चमचे थंड पाण्यात त्याची पातळ पेस्ट करा. बाकीचं पाणी उकळू द्या, पेस्ट पुन्हा एकदा ढवळा (खाली बसलेली असते), बारीक धारेने उकळत्या पाण्यात सोडा आणि हलवत राहा. दुधाळ पांढरं पाणी एकदम थोडं पारदर्शक आणि बुळबुळीत होईल. खळ शिजल्याची ही खूण. त्यानंतर एखादा मिनिट हलवा आणि उतरवा. थंड झाल्यावर गाळा. गाळणीत काही दिसत नसलं तरी गाळा, कारण फवाऱ्याचं तोंड बंद पडायला टाचणीच्या टोकाएवढी गुठळीही पुरते.

कच्ची खळ, म्हणजे कॉर्नफ्लोर नुसता थंड पाण्यात कालवून फवारणं, बरेच जण करतात. इस्त्रीच्या उष्णतेने ती थोडीफार शिजते. पण बाटली दर दोन फवाऱ्यांनी हलवावी लागते, आणि गडद कापडावर पांढरे ठिपके जवळजवळ हमखास येतात. पाच मिनिटं वाचवून अर्धा तास पुसत बसायचं हा सौदा मला पटत नाही.

घरी केलेली खळ टिकत नाही. फ्रिजमध्ये साधारण आठवडाभर. आंबट वास आला, तार सुटायला लागली की फेकून द्या. आंबलेली खळ कापडाला दिली तर इस्त्री करताना तो वास पूर्ण खोलीभर होतो, हे एकदा करून पाहिलंय. दर वापरानंतर फवाऱ्यातून दोन-चार वेळा गरम पाणी मारून घ्या, नाहीतर नळीत खळ वाळते आणि बाटली वाया जाते.

बाजारचं वापरणार असाल तर द्रवरूप स्टार्च दाट असतो. मी बरोबरीने पाणी घालून सुरुवात करते आणि तुकड्यावर पाहून कमी-जास्त करते. डब्यातला स्प्रे स्टार्च हाताशी सोपा, पण त्यातला दाबाचा वायू सहसा ज्वलनशील असतो. चालू इस्त्रीवर किंवा तिच्याजवळ फवारू नका आणि खिडकी उघडी ठेवा. अजून एक गोष्ट बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहायला हवी होती: कापडावरून उडालेला स्टार्च फरशीवर बसतो आणि फरशी तेल सांडल्यासारखी निसरडी होते. खाली चादर टाका.

४. कापडाला द्या: फवारून की बुचकळून

फवारून द्यायची तर कापड उलट्या बाजूने वर करून पसरा. हातभर अंतरावरून फवारा. पृष्ठभाग सारखा ओलसर दिसला पाहिजे, थेंब साचता कामा नयेत. एकदम जास्त मारण्यापेक्षा दोन-तीन हलके हात चांगले, प्रत्येक हातानंतर वाळवून. कडकपणा हळूहळू वाढतो आणि आपल्याला हवा तिथे थांबता येतं. जाड एकाच हाताने दिलेली खळ पापुद्र्यासारखी वर बसते आणि घडीवर तडकते.

त्रिकोणांची मोठी गोधडी असेल तर मी बुचकळणंच पसंत करते. टबमध्ये कडक खळ कोमट असताना ओता. थंड होऊन घट्ट झाली असेल तर थोडं गरम पाणी घाला. कापड पूर्ण बुडवा, दोन्ही हातांनी दाबत दाबत खळ आत शिरू द्या. पिळू नका, पिळलं की पिळाच्या रेषांवर खळ कमी राहते आणि वाळल्यावर कापडावर कडक-मऊ असे पट्टे उमटतात. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, जास्तीची खळ टॉवेल पिऊन घेईल.

या ओल्या अवस्थेत एक काम करून घ्या, जे नंतर करता येत नाही. कापडाचे उभे-आडवे धागे काटकोनात आहेत का ते पाहा. दुकानातून आलेलं कापड बऱ्याचदा थोडं तिरकं ओढलेलं असतं. काठाला काठ जुळवून दुमडलं की घडी सपाट पडत नाही, त्यावरून कळतं. आखूड पडलेल्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून हळूच ओढा. ओलं असताना धागे सरकतात आणि खळ वाळली की त्याच जागी बसतात. तिरकं वाळलेलं कापड मग कितीही सरळ कापलं तरी धुतल्यावर आपल्या मूळ वळणावर जातं.

५. मुरू द्या, मग इस्त्री

नवख्यांच्या तक्रारी सगळ्यात जास्त इथल्या. पांढरी भुकटी, इस्त्रीला चिकटणं, पिवळे डाग, या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा घाईत असतं. फवारलं आणि लगेच इस्त्री टेकवली की खळ अजून वरच असते. ती कापडाऐवजी इस्त्रीच्या तळाला चिकटते आणि तिथून खपल्या होऊन पडते.

फवारल्यावर कापड सैल गुंडाळा आणि ५ मिनिटं विसरून जा. बुचकळलेलं कापड दोरीवर सपाट, काठ धरून वाळत घाला. चिमटे मध्येच लावू नका, तिथे टोचे पडतात. किंचित दमट असताना काढा. पूर्ण वाळून पापडासारखं झालं असेल तर घाबरू नका, पाणी शिंपडून टॉवेलमध्ये गुंडाळून अर्धा तास ठेवलं की इस्त्रीजोगं होतं.

इस्त्री सुती कापडाच्या खुणेवर, पण वाफ बंद. एकदम टोकाच्या उष्णतेवर नेऊ नका, खळ करपते. आणि इथे हाताची सवय बदलावी लागते. शर्टाला इस्त्री करताना आपण ढकलत नेतो. इथे इस्त्री टेकवायची, दाबायची, उचलायची, पुढे टेकवायची. फिरवायचीच झाली तर काठाला समांतर, उभ्या धाग्याच्या दिशेने. तिरकी कधीच नाही. ओलं कापड तिरकं ओढून वाळवलंत तर खळ त्या ताणलेल्या आकारालाच पक्कं करेल.

गडद कापडावर तरीही भुकटी दिसली तर ओल्या फडक्याने पुसा आणि उलट्या बाजूने पुन्हा दाबा. इस्त्रीच्या तळाला तपकिरी थर धरला असेल तर ती बंद करून पूर्ण गार होऊ द्या. खाण्याचा सोडा आणि पाणी यांची पातळ पेस्ट मऊ फडक्याने चोळा, ओल्या फडक्याने पुसून घ्या. तळाच्या छिद्रांत सोडा जाऊ देऊ नका. नंतर आधी टाकाऊ कापडावर फिरवा, गोधडीच्या कापडावर नाही.

६. मोजा आणि मग कापा

पहिल्यांदाच करत असाल तर एक छोटा प्रयोग करा, एका संध्याकाळीच बरंच काही शिकवतो. धुतलेल्या कापडाचा बरोबर १० इंचांचा चौकोन कापा आणि न धुतलेल्या कापडाचा तेवढाच. दोघांना सारखीच खळ द्या, इस्त्री करा, गार होऊ द्या, पुन्हा पट्टी लावा. माझा धुतलेला चौकोन जागच्या जागी राहिला, न धुतलेला एका बाजूने पावणेदहा आणि दुसऱ्या बाजूने त्यापेक्षा दोरभर जास्त भरला. सगळ्या बाजू सारख्या आटल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पण उभा आणि आडवा धागा वेगवेगळे आटतात, चौकोन आयत होतो.

कापड गार झाल्यावरच कापा. गरम कापड मऊ असतं, खळीचा ताठपणा गार झाल्यावर येतो. आधी काठ कापून टाका. तिथली वीण घट्ट असते, गोधडीत गेली तर धुतल्यावर ती बाजू ओढली जाते.

दोन त्रिकोणांचा चौकोन करायचा असेल तर मूळ चौकोन किती घ्यायचा? पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडलेली कड) धरून शिवणार असाल तर तयार मापात पाऊण इंच आणि वर एक अष्टमांश इंच मिळवा. म्हणजे गोधडीत ३ इंच दिसायला हवा असेल तर ३ पूर्णांक ७/८ इंचांचा चौकोन घ्या. मी मात्र सरळ १ इंच मिळवते, म्हणजे ४ इंच कापते, शिवल्यावर साडेतीन इंचांना छाटते. थोडं कापड वाया जातं, पण मन शांत राहतं. खळीमुळे छाटताना धार इतकी स्वच्छ येते की कर्ण बरोबर कोपऱ्यातून जाताना बघून बरं वाटतं.

पेनने खुणा करायच्या असतील तर खळ आणि इस्त्री झाल्यावर. पाण्याने जाणाऱ्या पेनच्या खुणेवर इस्त्री फिरली तर ती कायमची बसू शकते. उष्णतेने जाणारा पेन असेल तर इस्त्री लागताच खूण गायब. दोन्हीकडून गोची.

७. शिवताना

इथे सांगण्यासारखं फार नाही, खळीने आपलं काम करून टाकलेलं असतं. टाचण्या बारीक वापरा, जाड टाचणीचं भोक कडक कापडात दिसत राहतं. मशीनची सुई नवी लावा. शिवण झाली की आधी ती बंद असतानाच एकदा दाबा, मग उघडून माया एका बाजूला पाडा. चुकीच्या बाजूला पाडली तर खळीच्या कापडावर ती घडी हट्टाने बसते. बोट पाण्यात बुडवून त्या रेषेवरून फिरवा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा दाबा.

भिरभिऱ्यासारख्या चौकोनात मधल्या बिंदूवर आठ टोकं येतात. खळ दिलेलं कापड तिथे दगडासारखं जाड लागतं आणि मशीन अडखळतं. चाक हाताने फिरवून ते दोन-तीन टाके घाला. मायेची टोकं छाटायला विसरला असाल तर आता आठवेल.

८. अ‍ॅप्लिके करायचं असेल तर

गोलाकार, पानं, फुलं यांच्या कडा आत दुमडताना खळीसारखा मदतनीस नाही. जाड पुठ्ठ्यातून किंवा उष्णता सहन करणाऱ्या प्लास्टिकमधून आकार कापा. कापड त्यापेक्षा पाव इंचाने मोठं. आकार कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवा, ब्रशने दाट खळ फक्त मायेवर लावा, आकारावर नको. इस्त्रीच्या टोकाने माया आकाराच्या कडेवर वळवत दाबत जा, वाळेपर्यंत धरा. गोल असेल तर एका बोटाएवढाच भाग एका वेळी घ्या. एकदम मोठा भाग वळवला की गोलाला कोन पडतात. आत जाणारं वळण असेल तर मायेला बारीक चिरा द्या, पण दुमडणीच्या रेषेपासून दोन धागे अलीकडे थांबा.

गार झाल्यावर पुठ्ठा हळूच काढा. आकार आपला आपण उभा राहतो. मग तो मूळ कापडावर ठेवून लपते टाके घालायचे.

९. मागचं कापड आणि मधला थर

मागच्या कापडाला खळ द्यायचं लोक विसरतात. मशीनने टाचताना मागे पडणाऱ्या सुरकुत्या, ज्या आपल्याला शेवटी उलटवल्यावरच दिसतात, त्या याने बऱ्याच कमी होतात. कडक झालेलं मागचं कापड मशीनच्या टेबलावर सरळ सरकतं आणि वरच्या थराबरोबर जातं. मध्यम खळ पुरे. मधल्या थराला, कापूस असो की बॅटिंग (मधे घालायचा तयार मऊ थर), खळ बिलकुल नाही. तो गुठळ्या धरेल.

१०. जास्त दिवस ठेवू नका, शेवटी धुवा

स्टार्च हे कसरीचं आणि झुरळांचं खाद्य आहे. खळ दिलेलं कापड घडी घालून कपाटात महिनोन्महिने पडलं तर आधी घडीवर पिवळट रेषा येतात, मग भोकं. शिवाय कडक घडीवर धागे मोडतात. म्हणून लागेल तेवढ्याच कापडाला खळ द्या. काम मध्येच थांबणार असेल तर तुकडे सपाट ठेवा किंवा गुंडाळून ठेवा, घडी नको.

गोधडी पूर्ण झाली, किनार लागली, की पहिलं धुणं खळ काढण्यासाठी. कोमट पाणी, सौम्य साबण. बऱ्याच कपड्यांच्या पावडरींत स्टार्च तोडणारं अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, त्याने खळ लवकर सुटते. रंगाची अजूनही शंका असेल तर रंग शोषणारा कागद मशीनमध्ये टाका. टबमध्ये धुवत असाल तर पहिलं पाणी गढूळ आणि बुळबुळीत येईल. ते फेकून पुन्हा साधं पाणी. गोधडीचा एक कोपरा दोन बोटांत चोळून बघा. निसरडा लागला तर अजून एक पाणी लागेल.

ओल्या गोधडीला काखेतून लोंबकळत नेऊ नका, पाण्याच्या वजनाने टाके ओढले जातात. टॉवेलवर सपाट पसरा, कडा हाताने सरळ करा, दुसऱ्या दिवशी उलटवा. शिवताना कागदासारखी असलेली ती वाळल्यावर मऊ झालेली असते, टाक्यांच्या मधे थोडी फुगलेली. इस्त्री मात्र आता करायची नाही.